सुलभाताई आणि मागच्या सीटचे पट्टे

सुलभाताई, गेल्या रविवारी तुमची शोकसभा झाली. तुम्हाला ती आवडली नसती, हे आधीच सांगून टाकतो. मंचाच्या मागे मोठा फलक होता. त्यावर तुमचा फोटो, फोटोखाली तुमचं नाव, आणि त्याखाली तुमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत सभा भरवणाऱ्या संघटनांची नावं. खुर्च्यांना पांढरे अभ्रे. निवेदिका गळा दाटून येण्याचा सराव करून आली होती आणि ठरल्या जागी तो दाटून येत होता. तिनं 'आजच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे' असं म्हटलं तेव्हा मी शेजारच्याकडे पाहिलं. शोकसभेला प्रमुख पाहुणे असतात हे मला नवीन होतं. असलेच तर ते तुम्ही असायला हवं होतं, आणि तुम्ही आला नव्हतात.

ते पाहुणे कोण, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. ते मोटारींच्या एका मोठ्या शोरूमचे मालक. त्यांच्याविरुद्ध तुम्ही आणि मी ग्राहक आयोगात चपला झिजवल्या होत्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईल. सभेला हजर असणाऱ्यांना ते कळेलच, पण त्याची जबाबदारी सभा भरवणाऱ्यांची.

आणि पहिल्या रांगेच्या कडेला, चाकांच्या खुर्चीत, सना बागवान बसली होती. याच शोरूममधून तिच्या वडिलांनी गाडी घेतली होती आणि त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली असताना सनाचा मणका मोडला. तो माणूस आणि ती मुलगी एका छपराखाली येण्याची ही पहिलीच वेळ. एवढ्या वर्षांत तो तिच्यासमोर कधी येऊन उभा राहिला नव्हता. आज तरी मंचावरून उतरून तिच्यापर्यंत चालत येईल का, एवढंच मी सभाभर पाहत होतो. भाषणं ऐकण्याचं त्यामुळे बरंचसं टळलं.

तुमची-माझी ओळख भांडणातूनच झाली. विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडून तुम्ही आपल्या ग्राहक मंडळात आलात, तेव्हा मंडळाचं मासिक मी पाहत होतो. तुमच्या पहिल्याच लेखात मी 'दुर्दैवी अपघात' असं करून टाकलं. तुम्ही मुद्रित हातात घेऊन जिना चढून आलात. धाप लागलेली होती, पण ती ओसरेपर्यंत थांबायला तुम्ही तयार नव्हतात.

"अहो संपादक, हे दुर्दैवी कुणी लिहिलं?"

"मी. अपघात दुर्दैवीच असतो."

"दैवाचा पत्ता आहे का तुमच्याकडे? कंपनीचा माझ्याकडे आहे. ज्याचा पत्ता आहे त्याच्याशी बोलू या."

शब्द गेला. त्यानंतर तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. 'अहो संपादक' म्हणायचात, आणि त्यात आदर किती व टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विमा कंपनीत तुम्ही दावे तपासायचात. चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून तुम्हाला एक वाईट सवय जडली होती. कुठलीही गाडी दिसली की आत कोण कुठे बसेल आणि धडक झाली तर कोण वाचेल, हे तुम्ही मनात ठरवून टाकायचात. आपण एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा फुलांनी सजवलेल्या गाडीकडे बराच वेळ बघून तुम्ही हळूच म्हणालात, "करवली गेली." करवली समोर आइस्क्रीम खात होती.

स्वतः तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती. कोथरूडहून मंडळात बसने यायचात, बस चुकली तर रिक्षाने. मी म्हणायचो, "ताई, लोकांना एअरबॅग शिकवता आणि स्वतः रिक्षाने फिरता. रिक्षाला तर दारसुद्धा नाही."

"नाही ना? म्हणून रिक्षावाला मला दाराचे पैसे लावत नाही. मोटारवाला सुरक्षिततेचे पैसे घेतो. घेतले आहेत तेवढं द्यावं, यापलीकडे माझं काही म्हणणं नाही."

तुमचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. रविवारी मंचावरून तुम्हाला 'रस्तेसुरक्षेची रणरागिणी' म्हटलं गेलं. तुम्हाला रणात मी कधी पाहिलं नाही. तुम्हाला मी पाहिलं ते आयोगाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, डब्यातली पोळीभाजी खाताना, पुढची तारीख मिळाल्यावर. स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग का नाही, मागच्या मधल्या प्रवाशाला नुसता कमरेचा पट्टा का, अशी पत्रं तुम्ही मंत्रालयापासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांना पाठवायचात. उत्तर आलंच तर ते एकच असायचं: आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आहे. "कुठेतरी एक फार मोठं 'पुढे' आहे," तुम्ही म्हणायचात, "आणि देशातली सगळी पत्रं तिथे राहतात."

मग बागवानांचं प्रकरण आलं. हमीदभाईंचा मार्केट यार्डात फळांचा गाळा, घर हडपसरला. त्यांनी पहिलीवहिली नवी गाडी घेतली. शोरूमनं गाडी देताना सीटची कव्हरं भेट म्हणून चढवून दिली, आणि ती चढवताना मागचे पट्टे ज्यात अडकवायचे ती कुलपं कव्हराखाली दाबली गेली. पट्टे लोंबत राहिले, लावायला जागा नाही. पुण्यातल्या निम्म्या गाड्यांत आजही असंच आहे, आणि मागे बसणाऱ्याला पट्टा लागतो हे लोकांना पटत नसल्यामुळे कुणाला ते दिसतही नाही. बागवान कुटुंब खडकवासल्याला फिरायला गेलं होतं. परत येताना पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला. हमीदभाई आणि त्यांच्या पत्नी पुढे होते, पट्टे लावलेले, एअरबॅगा उघडल्या, दोघं चालत बाहेर आले. मागे सना होती.

शोरूमच्या वकिलांनी आयोगापुढे सांगितलं की कव्हरं भेट होती, विकलेली नव्हती, तेव्हा त्यांच्याबाबत ग्राहक हा ग्राहकच नाही. तुम्ही उठून विचारलंत, "म्हणजे मोडलेला मणकाही भेटीतच धरायचा का?" आयोगाचे अध्यक्ष हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

अशा बऱ्याच तारखा झाल्यावर शोरूमकडून निरोप आला. सनाची मोठी शस्त्रक्रिया आणि पुढचे सगळे उपचार आम्ही करतो. तक्रार मागे घ्या आणि आमचं नाव पुन्हा कुठेही घेऊ नका. हमीदभाई तो निरोप घेऊन मंडळात आले आणि आपण दोघं त्यांच्या डोक्यावरून भांडलो.

तुम्ही म्हणालात, निकाल लागला तर उद्यापासून प्रत्येक शोरूम कव्हर चढवताना कुलूप बाहेर काढेल. मी म्हणालो, निकाल लागेपर्यंत त्या मुलीच्या पाठीनं थांबायचं का?

"हे थांबले तर पुढच्या दहाजणी वाचतील."

"त्या दहाजणी अजून आपल्याकडे आलेल्या नाहीत. ही आलेली आहे. ताई, तुम्हाला खटला प्यारा झालाय."

"आणि तुम्हाला शांतता. संपादकाला शांतता आवडायला लागली की मासिकाची पत्रिका होते, मुंजीची."

हमीदभाईंच्या पुढ्यातला चहा निवत होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमची मुलगी असती तर?"

"मी घेतलं असतं," मी म्हणालो. तुम्ही पर्स उचललीत आणि जिना उतरून गेलात. पुढच्या आठवड्यात समझोता झाला.

हमीदभाईंना तुम्ही त्याबद्दल एका शब्दानंही बोलला नाहीत. दर ईदेला हडपसरला शीरखुर्मा खायला जात राहिलात. माझ्याशी मात्र तो वाद तुम्ही जपून ठेवलात. मध्येच, प्रुफं तपासताना किंवा बसची वाट बघताना, म्हणायचात, "निकाल आपल्या हातात होता, संपादक." मी म्हणायचो, "मुलगीही होती." इतकंच. मग बस यायची.

खटला संपल्यावर तुम्ही पेढ्यांचा नेम सुरू केलात. कुणीही नव्या गाडीचे पेढे घेऊन आलं की तुम्ही पेढा हातात धरून विचारायचात, "गाडी खाली आहे का?" मग खाली जायचं, मागचं दार उघडायचं, कव्हराच्या फटीत हात घालून कुलूप वर ओढायचं, पट्टा अडकवून 'खट्' आवाज ऐकायचा आणि मगच पेढा तोंडात टाकायचा. तुमच्या पुतण्याच्या साहेबांना तुम्ही याच कामासाठी भर उन्हात वीस मिनिटं उभं केलंत. कुलूप सापडत नव्हतं. शेवटी तुम्ही पर्समधली कात्री काढलीत आणि कोरं कव्हर फाडलंत. साहेबांच्या पत्नी पुटपुटल्या, "अहो, लेदर होतं ते." तुम्ही म्हणालात, "छान आहे. सहज कापलं गेलं." तुमच्या इमारतीतले लोक पुढे पुढे पेढे तुमच्या दाराच्या कडीला अडकवून पळून जायला लागले. तुम्ही ते पेढे तसेच घेऊन पार्किंगमध्ये जायचात आणि गाडी शोधून काढायचात.

आता त्या भागाबद्दल, ज्यावर आपण बोललोच नाही. गेली दोन वर्षं तुम्ही या शोरूममालकाबरोबर मंचावर दिसायला लागलात. त्यांच्या संघटनेच्या सुरक्षा सप्ताहाला तुम्ही गेलात. हेल्मेट वाटपाला गेलात, शोरूमच्या नव्या शाखेलाही गेलात. वर्तमानपत्रात फोटो आला: त्यांच्या हातात कात्री, तुम्ही शेजारी. मी तो फोटो कापून तुमच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कात्री तुमचीच ना?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "संपादक, चहा सांगा." एवढी वर्षं प्रत्येक टोमण्याला टोमणा परत देणारी बाई त्या दिवशी चहावर भागवते, यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं. मला वाटलं, वय झालं. सत्कारांना शरण जायचं वय. न्युमोनियानं तुम्ही रुग्णालयात गेलात तेव्हाही मी त्याच समजुतीत होतो.

तर रविवार. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ताई आमच्या टीकाकार नव्हत्या, मार्गदर्शक होत्या. त्यांच्या प्रेरणेनं आमच्या शोरूममध्ये सुरक्षितता हा संस्कार झाला आहे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हेही आता कुणाला आठवत नाही. मग निवेदिकेनं विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. सनानं हात वर केला.

माइक तिच्याकडे आला. हमीदभाई माझ्या मागे बसले होते. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. समझोत्याच्या कागदात शोरूमचं नाव घ्यायचं नाही, असं लिहिलेलं आहे. तिनं ते घेतलं नाही. ती मंचाकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही आज ड्रायव्हर घेऊन आलात ना? म्हणजे मागे बसला असाल. पट्टा लावला होता?"

त्यांना ती कोण ते कळलं की नाही, मला सांगता येत नाही. ते हसून म्हणाले, "अगं, पुण्यातल्या पुण्यात कुठे..." सभेतही थोडं हसू फुटलं.

"आम्हीपण पुण्यातल्या पुण्यातच होतो, सर," सना म्हणाली. "खडकवासल्याहून घरी येत होतो." आणि तिनं माइक परत दिला.

त्यानंतर निवेदिकेनं घाईनं मौन जाहीर केलं. मौन संपलं तेव्हा प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, असं सांगण्यात आलं.

बाहेर हमीदभाई गाडी आणायला गेले आणि मी सनाजवळ थांबलो. म्हणालो, "खाली उतरून तुझ्यापाशी आला नाही तो."

"ताईपण याच आशेवर होत्या, काका."

"कसल्या आशेवर?"

तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "तुम्ही दोघं भांडत होतात ना, केस चालवायची की सेटलमेंट, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. मेजर होते, अठरा पूर्ण झालेली, म्हणून सही मलाच करायची होती. अब्बूंनी पेपर आणले, मी केली. तुमच्या मंडळातून विचारायला कुणीच आलं नाही. रागावून नाही सांगत हं. मग दोन वर्षांपूर्वी ताई आल्या. ईदबिद काही नव्हती. म्हणाल्या, सना, तेव्हा तुला काय हवं होतं? मी म्हटलं, त्या माणसानं येऊन सॉरी म्हणायला पाहिजे होतं. बस, एवढंच. ताईंनी पेपर मागून घेतले, वाचले. मग म्हणाल्या, पेपरमध्ये नाव घ्यायचं नाही असं लिहिलंय, भेटायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

आपलं ग्राहक मंडळ, सुलभाताई. भिंतीवर ग्राहकाच्या हक्कांचा तक्ता, त्यात 'आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क' ठळक अक्षरांत छापलेला. त्या तक्त्याखाली बसून तुम्ही निकालाच्या बाजूनं बोललात, मी उपचाराच्या बाजूनं बोललो, दोघंही चांगलं बोललो, आणि जिची तक्रार होती तिला विचारायला कुणी गेलं नाही. तुम्हाला ते सुचायला उशीर झाला. मला सुचलंच नाही.

म्हणजे सुरक्षा सप्ताह, हेल्मेटं, फीत, हे सगळं त्यासाठी होतं. एका माणसाशेजारी उभं राहायला मिळावं आणि फोटोवाला गेल्यावर त्याला म्हणता यावं, हडपसरला कधी येता? मला तुम्ही का सांगितलं नाहीत? मी त्यावर काहीतरी चटपटीत बोललो असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं, बहुतेक म्हणून.

मी सनाला म्हणालो, "मी जाऊन सांगू का त्याला?" मग चूक लक्षात आली आणि परत विचारलं, "काय करू या?"

"मीच येते," ती म्हणाली. हे सगळं लिहू का, असंही मी तिला विचारलं. "लिहा की. नाव सोडून."

परवा गेलो. शोरूमला पायऱ्या नसतात, गाड्या आत न्याव्या लागतात ना. उतारावरून सना स्वतःच खुर्चीची चाकं फिरवत आत गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वेलकम सर, कोणतं मॉडेल बघणार?"

"मालक बघायचेत," मी म्हणालो.

"अपॉइंटमेंट आहे का? नसेल तर बसावं लागेल."

"मी बसलेलीच आहे," सना म्हणाली.

ती मुलगी ओशाळली. पाणी घेऊन आली, आम्ही घेतलं, तेव्हा सांगायला लागली. काचेजवळच्या सोफ्यावर एक आजी येऊन बसायच्या म्हणे. सर आहेत का विचारायच्या, सर बिझी आहेत म्हटलं की बसून राहायच्या. विणकाम आणायच्या. पाणी कधी घेतलं नाही. "खूप दिवसांत आल्या नाहीत," ती म्हणाली. तुम्ही गेल्याचं मी तिला सांगितलं. ती 'सॉरी सर' म्हणाली, चटकन, सहज. मला वाटतं त्या इमारतीत तो शब्द एवढ्या सहज निघू शकतो हे तुम्ही ऐकायला हवं होतं.

पलीकडे एक कुटुंब नवी गाडी घेत होतं. गाडीवर लाल कापड, नारळ, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. काचेच्या केबिनमधून मालक बाहेर आले ते त्यांच्याबरोबर फोटो काढायला. सना दिसल्यावर थबकले. परत आत जाता आलं असतं. आले.

"ताईंचं फार वाईट झालं," ते म्हणाले.

"मी सना बागवान."

"माहीत आहे मला." ते जरा वेळ हातातल्या रुमालाशी चाळा करत राहिले. "ताईंना मी म्हणायचो, वकिलांना विचारतो. सॉरी म्हटलं की कबुली होते, असं ते म्हणायचे. आणि मला वाटायचं, वय झालंय, कंटाळून यायच्या बंद होतील."

"कंटाळल्या नाहीत," सना म्हणाली. "वारल्या."

मग ते बोलले. "चुकलं आमचं. तेव्हाच यायला हवं होतं मी." नेमक्या त्याच क्षणी मागे कापड ओढलं गेलं आणि टाळ्या वाजल्या. सना त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ऐकू नाही आलं, सर."

तिला ऐकू आलं होतं, असा माझा पक्का संशय आहे. ते खाली वाकले, तिच्या खुर्चीच्या उंचीला आले, आणि तेच शब्द पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज या खेपेला वेगळा होता. तो कसा होता हे लिहिण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि खोडला. तुम्हीही तो मजकूर खोडलाच असतात.

बाहेर आल्यावर मी सनाला विचारलं, "बरं वाटलं का?"

"काका, घाई नका ना करू. मलाच अजून कळलं नाहीये." मग म्हणाली, "ताईंना सांगायला पाहिजे होतं," आणि तोंड फिरवून रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिली.

तेव्हा कोण बरोबर होतं, निकालवाल्या तुम्ही की उपचारवाला मी, हे मी तिला विचारलं नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. आता त्यावर 'निकाल आपल्या हातात होता, संपादक' असं म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि ही तक्रार कुठल्या आयोगात नोंदवायची ते मला माहीत नाही. तुम्हाला कळवायचं होतं ते इतकंच, की त्यानं म्हटलं. माफी मागितली, तिच्या तोंडावर, आणि एकदा नाही, दोनदा. सोफा रिकामा होता, सुलभाताई. तुम्ही तिथे असायला हवं होतं.